काँग्रेस रेडिओ : हौशी तंत्रज्ञांनी उभारलेली संस्था

काँग्रेस रेडिओ या १९४२ च्या गुप्त प्रक्षेपण केंद्राचा इतिहास आपल्याकडे धाडसाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि त्यात खोटे काही नाही. विशीतल्या उषा मेहता, त्यांचे सहकारी विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, पोलिसांचा ससेमिरा, दर थोड्या दिवसांनी बदलणारे पत्ते, शेवटी गिरगावातल्या पारेखवाडीत पडलेली धाड. हे सारे घडले आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण धाडस एकट्याने आवाज हवेत सोडू शकत नाही. त्यासाठी ऑसिलेटर लागतो, व्हॉल्व्ह लागतात, आवाजाची वाहक लहरीशी सांगड घालणारा मॉड्युलेटर लागतो, एरियल लागते आणि हे सगळे बाजारातल्या सुट्या भागांतून जुळवणारे हात लागतात. १९४२ च्या मुंबईत असे हात होते, कारण त्याआधीची वीस वर्षे या शहरात रेडिओ हा हौशी लोकांचा विषय होता. काँग्रेस रेडिओ ही हौशी रेडिओच्या परंपरेतून निघालेली संस्था आहे, असे माझे म्हणणे आहे. ही परंपरा ज्या एएम (अँप्लिट्यूड मॉड्युलेशन) पद्धतीवर आणि व्हॉल्व्हच्या यंत्रांवर उभी होती ती चालू अवस्थेत राखली नाही, तर या संस्थेच्या इतिहासाचा अर्धा भाग आपल्याला वाचताच येणार नाही.

माहीमच्या स्मरणिकेत गिरगावच्या केंद्राचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. शिवाजी पार्क १९२७ पर्यंत माहीम पार्क या नावाने ओळखले जात होते. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पहाटे नेते पकडले गेले, आणि ९ तारखेच्या संध्याकाळी याच मैदानावर गांधीजींऐवजी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही सभेला पोहोचण्याआधी अटक झाली. मैदान बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पुढारी तुरुंगात. काँग्रेस रेडिओची गरज अशा संध्याकाळींतून निर्माण झाली. सभेची जागा लाठीने मोकळी करता येते, पण रेडिओलहरींना मैदान लागत नाही. लेडी जमशेटजी रोडवरच्या घरातला रेडिओ आणि ठाकुरद्वारच्या चाळीतला रेडिओ त्यांना सारखाच. या केंद्राचा पत्ता गिरगावात असला, तरी त्याचे श्रोते पाहिले तर ते सगळ्या शहराचे होते.

आता परंपरेकडे येऊ. भारतातले पहिले नियमित म्हणावे असे प्रक्षेपण सरकारने सुरू केलेले नाही. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने ते सुरू केले, त्यामागोमाग कलकत्त्याच्या क्लबने आणि १९२४ मध्ये मद्रासच्या. हे क्लब म्हणजे वर्गणी काढून यंत्रे जमवणाऱ्या शौकिनांचे गट होते. त्यांच्या पाठीमागून व्यापारी कंपनी आली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॉट होती. कंपनी तीन वर्षांत बुडाली, १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : आधी हौशी, मग व्यापारी, सर्वांत शेवटी सरकार. शिवाय या तिन्ही टप्प्यांत आवाज पाठवण्याची पद्धत एकच होती, एएम. वाहक लहरीची उंची आवाजाबरोबर कमीजास्त करायची, आणि ऐकणाऱ्याने एका साध्या डिटेक्टरने तो आवाज परत वेगळा काढायचा. क्रिस्टल सेटमधला गॅलेनाचा खडा हे काम करू शकतो, त्याला बॅटरीही लागत नाही.

या साधेपणात सगळे सामावले आहे. एएममध्ये अवघड काम पाठवणाऱ्याकडे असते, ऐकणाऱ्याकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणून ज्याला ट्रान्समीटर जुळवता येतो असा एक माणूस हजारो अनोळखी घरांशी बोलू शकतो. त्या घरांनी आपले यंत्र बदलायचे नाही, काही शिकायचे नाही, कोणाची परवानगी विचारायची नाही. बातम्या ऐकण्यासाठी घेतलेला सेट त्याच घुंडीने थोडा पुढे सरकवला की झाले. गुप्त संघटनेला याहून सोयीचे साधन मिळणे कठीण होते. पत्रके वाटताना माणूस पकडला जातो, टेलिफोन एक्स्चेंजमधून जातो, तार खिडकीवर वाचली जाते. रेडिओवर कोण कोणते केंद्र ऐकतो, हे मात्र कुठे नोंदले जात नाही.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सरकारने नवे हौशी परवाने देणे थांबवले आणि असलेल्या परवानेधारकांना आपले ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायला लावले. यंत्रे जमा झाली, पण ज्ञान जमा करता येत नाही. नरिमन प्रिंटर हे मुंबईचे असे एक हौशी तंत्रज्ञ. रेडिओचे तंत्र शिकवणारी संस्था ते चालवत. काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर त्यांनी जुळवला. सामग्रीच्या बाबतीत नानक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचा संबंध आला. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी ही पेढी. २७ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे ठरावानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४२.३४ मीटरवर केंद्र बोलू लागले.

हा ४२.३४ चा आकडा बहुतेक लेखांत येतो आणि कोणी तिथे थांबत नाही. मला तो फार बोलका वाटतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्याला या तरंगलांबीने भागले की उत्तर येते ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी मंडळी ज्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतात त्या बँडमधली ही जागा आहे, युद्धापूर्वीही होती आणि आजही आहे. आज भारतात हौशी परवानेधारकांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळतो, आणि ७.०८ त्याच्या मधोमध आहे असे म्हटले तरी चालेल. ही जागा निवडण्यामागचा विचार कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून पुढचे माझे अनुमान आहे. ज्याने आयुष्यभर चाळीस मीटरवर कॉइल गुंडाळले, एरियल कापली, त्याने घाईच्या वेळी ओळखीचीच वारंवारता घेतली. त्यात आणखी दोन फायदे होते. एक, घरगुती सेटच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर ही जागा येते, परदेशी केंद्रांच्या ४१ मीटर पट्ट्याच्या अगदी शेजारी. दुसरा, संध्याकाळी सूर्य कलला की सात मेगाहर्ट्झची लहर आयनांबरावरून परतून शेकडो मैल दूर उतरते. मुंबईतले केंद्र शहराबाहेर, देशाच्या दूरच्या भागांत ऐकू येण्यासाठी कमी शक्तीत याहून चांगली निवड क्वचितच सापडली असती. या निवडीत हौशी माणसाचा अनुभव दिसतो, आणि माझ्या मुद्द्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एवढ्या थोड्या दिवसांच्या उद्योगाला संस्था म्हणायचे का, हा पहिला आक्षेप. जेमतेम अडीच महिने ते केंद्र चालले. पण संस्था आपण कशावरून ओळखतो? तिच्यात कामाची वाटणी असते, पैसा गोळा करण्याची व्यवस्था असते, धोरण ठरवणारे आणि अंमल करणारे वेगळे असतात, आणि एक माणूस गेला तरी काम पुढे जाते. काँग्रेस रेडिओत यातले बहुतेक सगळे होते. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास यांच्यासारखे भूमिगत नेते मजकूर आणि दिशा देत. बातम्या आणणारे वेगळे होते. पुढे तर ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी अशी विभागणी झाली, म्हणजे एका ठिकाणी छापा पडला तरी दुसरे वाचावे. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला, शेवटी पारेखवाडी. पत्ता बदलला तरी वारंवारता आणि वेळ तीच ठेवायची, हे शिस्तीशिवाय होत नाही. बातम्यांचेही तसेच. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीचे अत्याचार, हे सेन्सॉरच्या काळात या केंद्रावरून लोकांपर्यंत गेले. चिमूरची बातमी मुंबईच्या घरात पोहोचावी यासाठी केवढी साखळी उभी राहिली असेल, याचा विचार केला की ‘संस्था’ या शब्दाला कचरण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप हौशी रेडिओच्या बाजूने येतो, आणि तो प्रामाणिक आहे. हौशी परवाना बातम्या किंवा संगीत प्रक्षेपित करण्यासाठी नसतो, आजही नाही. परवानेधारकाने परवानेधारकाशी बोलायचे, प्रयोग करायचे, आपत्तीत मदत करायची. काँग्रेस रेडिओ तर परवान्याविना चालले आणि देशभक्तिगीतेही वाजवत होते. मग त्याला आपल्या परंपरेत बसवणे योग्य आहे का? नियमांच्या चौकटीत ते बसत नाही, हे मी मान्य करतो, आणि त्याचे अनुकरण कोणी करावे असे मुळीच सुचवत नाही. पण परंपरा परवान्याने ठरत नाही. एखादा घटक दुसऱ्यातून कसा घडला, कोणाची कारागिरी कुठे वापरली गेली, हे पाहून ती ठरते. जमा केलेले यंत्र आणि डोक्यात राहिलेले सर्किट यांतून काँग्रेस रेडिओ जन्मला. हा धागा लपवला तर हौशी रेडिओचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा असा दोन्हींचा इतिहास अपुरा राहील.

तिसरा आक्षेप बोचणारा आहे. ज्यांनी यंत्र जुळवले त्या प्रिंटर यांनाच पोलिसांनी पकडले, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीपर्यंत पोलिस पोहोचले ते त्यांच्या माहितीवरून. खटल्यात ते माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाई खाकर यांना ५ वर्षांची, उषा मेहता यांना ४ वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एका वर्षाची शिक्षा झाली. मोटवाने आणि आणखी एक आरोपी विठ्ठलभाई झवेरी सुटले. तंत्रज्ञाला श्रेय देताना ही बाजू दडपून चालणार नाही, आणि मी ती दडपत नाही. मात्र यातून मला दिसते ती संस्थेची एक उणीव. राजकीय काम पुष्कळ हातांत वाटले गेले होते, तांत्रिक काम जवळजवळ एका माणसाकडे होते. ट्रान्समीटर बांधू शकणारे दहा लोक त्या गटात असते, तर एकाच्या अटकेने केंद्र बंद पडले नसते, आणि एका माणसाच्या मनावर एवढा भारही आला नसता. हौशी संघटना नेमके हेच करतात, ज्ञान एका हातातून अनेक हातांत नेतात. युद्धाने त्या संघटनांचे काम थांबवले आणि त्याची किंमत इथे मोजावी लागली.

एएमचा एक दोषही इथेच नोंदवायला हवा, कारण तो या इतिहासाशी जोडलेला आहे. एएमची वाहक लहर बोलणारा गप्प असला तरी हवेत चालूच राहते. दिशाशोधक यंत्राला तेवढे पुरते. शंभर टक्के मॉड्युलेशनलाही एकूण शक्तीचे दोन तृतीयांश त्या मुक्या वाहक लहरीत जातात आणि आवाज वाहणाऱ्या दोन साइडबँडना मिळून एक तृतीयांश उरते. सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर आणि एक साइडबँड काढून टाकतात. रुंदी सहा किलोहर्ट्झवरून तीनवर येते आणि सगळी शक्ती आवाजाच्या कामी लागते. मग पोलिसांना सोपी आणि खर्चाला महाग अशी पद्धत त्यांनी का घेतली? कारण सिंगल साइडबँड घरगुती सेटवर ऐकू आले असते ते नुसते गुरगुरणे. श्रोत्याला काही करायला लावायचे नाही, ही अट पाळायची तर तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. एक जमेची बाजूही आहे. पोलिसांनी हे प्रक्षेपण ऐकून त्याची टिपणे घेतली, आणि केंद्रावर काय बोलले गेले हे आज आपल्याला बरेचसे त्या सरकारी कागदांतून कळते. उषा ठक्कर यांचे २०२१ चे पुस्तक या कागदांवर उभे आहे.

युद्धानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महू येथील सिग्नल्स शाळेत अॅमेच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. पुढे तो दिल्लीला गेला आणि १९५४ मध्ये अॅमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावरही देशभरातले परवानेधारक हजाराच्या आत होते. त्यांची यंत्रे बहुतांशी लष्कराच्या जुन्या मालातून आलेली किंवा स्वतः बांधलेली. मुंबईत हा माल चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर मिळे. ८०७ हा व्हॉल्व्ह त्या पिढीचा लाडका, कारण सहाशे व्होल्टवर तो चाळीसेक वॉट देई आणि हयगय सोसे. बांधणाऱ्याला एक हिशेब पाठ असावा लागे. शेवटच्या व्हॉल्व्हला डीसी शक्ती साठ वॉट दिली, तर मॉड्युलेटरने तीस वॉट आवाज दिला पाहिजे, निम्मा. तेवढा आवाज पेलणारा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळेलच असे नाही, म्हणून तो गुंडाळायचा. ऐंशीच्या दशकात हौशी यंत्रांवरचे आयातशुल्क उठले, तयार जपानी सेट आले, आणि तोपर्यंत सिंगल साइडबँड घरोघर रुजले होते. ही प्रगतीच होती. लातूरच्या १९९३ च्या आणि भूजच्या २००१ च्या भूकंपांत हौशी मंडळींनी जी संपर्कसेवा केली, ती नव्या सेटवर केली. त्याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये.

मग एएम आणि व्हॉल्व्ह राखायचे कशाला? हा खरा आक्षेप, बाकीचे त्याची तयारी होते. म्हणणारे म्हणतात : गर्दीच्या पट्ट्यावर सहा किलोहर्ट्झ अडवणे हा शेजाऱ्यांवर अन्याय, सहाशे व्होल्टचे यंत्र घरात ठेवणे धोक्याचे, आणि जुनी यंत्रे संग्रहालयात काचेआड शोभतात. पहिल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. गर्दीच्या वेळी चाळीस मीटरवर एएम चालवू नये. त्यासाठी दहा मीटरचा बँड आहे, २८ पासून २९.७ मेगाहर्ट्झपर्यंत ऐसपैस. जगभरचे एएमप्रेमी त्यात २९ मेगाहर्ट्झच्या आसपास जमतात. उच्च दाबाबद्दल बोलायचे, तर यंत्र बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारी ब्लीडर रेझिस्टन्स, मेनशी लावलेला सिरीज लॅम्प, एक हात खिशात ठेवण्याची सवय, या गोष्टी जुन्या कारागिरांनी शिकवून ठेवल्या आहेत. त्या पाळणारा माणूसच हे यंत्र उघडील असा नियम ठेवता येतो.

काचेआडच्या यंत्राबद्दल मात्र मी सहमत नाही. बंद ट्रान्समीटर पाहून त्याच्याविषयी फार थोडे कळते. व्हॉल्व्ह तापायला किती वेळ लागतो, त्या वेळात वारंवारता किती सरकते, मेनची घरघर आवाजात किती मिसळते, एरियल नीट न जुळल्यास काय होते, हे चालू यंत्रच सांगते. काँग्रेस रेडिओच्या कार्यकर्त्यांनी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी नेमक्या ४२.३४ मीटरवर यायचे म्हणजे काय केले, हे समजून घ्यायचे असेल तर हे प्रश्न अटळ आहेत. चाळीस मीटरसाठी अर्धतरंग डायपोल ताणायची तर सुमारे सत्तर फूट तार लागते. गिरगावच्या वाडीत शेजाऱ्यांच्या नजरेत न भरता एवढी तार कशी बांधली असेल? कमी लांबीची वापरली असेल, तर जुळवाजुळव कशी केली असेल? कागदांत याची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती प्रयोगाने शोधावी लागतील, आणि प्रयोग करू शकणारे आज हौशी परवानेधारकच आहेत. नव्या सेटमध्येही एएमची कळ असते, शंभर वॉटच्या सेटवर पंचवीस वॉट वाहक लहर मिळते. ज्याला फक्त या पद्धतीची चव घ्यायची आहे त्याने तिथून जरूर सुरुवात करावी. त्यातून ट्रान्समीटर बांधण्याची विद्या मिळणार नाही, पण तिच्याकडे जाणारी वाट मिळेल.

२०२४ मध्ये ‘ऐ वतन मेरे वतन’ या चित्रपटाने काँग्रेस रेडिओ पुन्हा चर्चेत आणला. अशा वेळी माहीमला एक विशेष संधी आहे. कॉजवेजवळची सेंट झेवियर्स टेक्निकल इन्स्टिट्यूट अनेक पिढ्यांना इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देत आली आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. एखादा ८०७ चा ट्रान्समीटर पहिल्या खिळ्यापासून बांधणे हा विद्यार्थी आणि परवानेधारक यांनी मिळून करण्याजोगा वर्षभराचा प्रकल्प आहे. तो कायद्याच्या आत करता येतो. हवेत जाताना दोन परवानेधारकांनी एएमवर आपापसात तांत्रिक संभाषण करायचे, बातमीपत्र वाचायचे नाही, गाणे लावायचे नाही. काँग्रेस रेडिओच्या बातम्या ऐकवायच्या असतील तर त्या सभागृहातच ऐकवाव्यात. सिग्नल जनरेटरला आवाज द्यावा, त्याची तार थेट एखाद्या जुन्या मर्फी सेटच्या एरियलच्या टोकाला जोडावी आणि डायलवर ४२ मीटरची जागा लावावी. हवेत काही सुटत नाही, आणि १९४२ चा श्रोता ज्या यंत्रातून, ज्या खरखरीसह ते शब्द ऐकत होता, ते समोर येते. सगळ्यांत तातडीचे काम मात्र मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या, गँग कंडेन्सर दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिरांकडून ते काम शिकून त्याची चित्रफीत करून ठेवणे हे आहे. ट्रान्समीटर पुढच्या वर्षी बांधता येईल, हे शिक्षण तोपर्यंत थांबणार नाही.